मातीसाठी गेलेला हात

शाळेच्या मागच्या रानात ज्वारीची काढणी सुरू झाली आहे. बायका ओळीनं वाकून ताटं उपटतात आणि मुळाशी आलेली माती पायावर आपटून झाडतात. तो आवाज चौथीच्या वर्गापर्यंत येतो. धप्, धप्, मधेच एखादीचं हसणं, पुन्हा धप्. वाळत्या कडब्याचा गोडसर वास खिडकीतून आत येतो, पुस्तकांवर बारीक धूळ बसते. हजेरीपटावरची निम्मी मुलं आईबरोबर रानात गेलेली असतात. मी फळ्यावर भागाकार मांडता मांडता थांबते. उरलेल्या मुलांना वाटतं, बाईंचं गणित अडलं. अडलेलं असतंच, फक्त ते फळ्यावरचं नसतं.

गेल्या वर्षीच्या सुगीपासून एक प्रश्न माझ्या मागं लागला आहे. हरलेल्या माणसाला लगेच पुन्हा संधी द्यावी का? लगेच म्हणजे अंगावरचा घाम वाळायच्या आत. की त्यानं उठावं, कपडे झटकावेत आणि रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभं राहावं?

हा प्रश्न मला माझ्या भाचीनं दिला. रुपाली, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. वय तेव्हा अठ्ठावीस. कुणी विचारलं की दादा सांगतो, "पोरगी खेळात हाय." नेमक्या कुठल्या खेळात, हे सांगायची वेळ आली की तो चहा सांगायला उठतो. कारण हा खेळ सांगायला अवघड आहे. जाळीच्या पिंजऱ्यात दोघी उतरतात. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं नियमात बसतं. त्याला एमएमए म्हणतात. रुपाली तिच्या वजनाच्या मुलींमध्ये देशात पहिली होती. तिच्याकडं पट्टा होता, वीतभर रुंद, मधोमध पिवळाधमक. तो सोन्याचा नाही याची वहिनींनी पहिल्याच दिवशी नखानं खरवडून खात्री करून घेतली होती. तरी दोन वर्षं तो देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात राहिला, आणि आल्यागेल्याला दाखवण्यात वहिनीच सगळ्यांत पुढं असायच्या.

गेल्या वर्षी पौषात ती तो पट्टा हरली. मणिपूरच्या एका मुलीनं तिला तिसऱ्या फेरीत हरवलं. आणि ऐन सुगीत, पाठीवर एक पिशवी घेऊन, ती गावाला आली.

मी तेव्हा लोहाऱ्याहून दर शनिवारी दुपारी माहेरी जायचे. जायचं कारण मी हुरडा, शेंगा, दादाचा गुडघा असं काहीही सांगत असे. खरं कारण असं की मला राहवत नव्हतं. लोकांच्या घरात नेमकं काय चाललंय हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, आणि इथं तर घर माझंच होतं. ती लढत मी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली होती की माझ्या मिस्टरांनी शेवटी विचारलं, "काय, तू उतरतीयस का आता?"

लढतीत दिसत होतं ते असं. मणिपूरची मुलगी रुपालीच्या पाठीला चिकटलेली, तिचा हात रुपालीच्या गळ्याभोवती. या खेळात ज्याला सोसत नाही त्यानं तळहात आपटायचा. म्हणजे सोड, मी हरले. पंच लगेच मध्ये पडतो. रुपालीचा चेहरा लाल झालेला दिसतो, मग तिचा उजवा हात खाली जातो, थप् असा आवाज येतो, पंच झेप घेतो आणि संपलं. मग रुपाली उठून उभी राहते, आणि दोन्ही हातांनी नाही नाही म्हणत राहते. पंच मान हलवतो. तिकडं पट्टा दुसऱ्या कमरेला.

"अगं, हात आपटलास की तू," मी पहिल्याच शनिवारी म्हणाले. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

"आपटला न्हाय," ती म्हणाली आणि उठून गोठ्याकडं गेली.

उत्तर मिळालं ते पुढच्या शनिवारी, रानात. दादाचं आठ एकर आहे, निम्म्यात ज्वारी. रुपाली बायकांच्या ओळीत शिरून उपटायला लागली होती. पिंजऱ्यात पोरी लोळवणारी बाई ज्वारीच्या ताटापुढं काही वेगळी दिसत नव्हती. तिलाही घाम येत होता, तिच्याही ओढणीत कुसं अडकत होती. मी बांधावर बसून बघत होते. एक ताट घट्ट बसलेलं होतं. तिनं दोन हिसके दिले, हात सटकला. मग तिनं न बघता तळहात खाली जमिनीवर मारला, चिमूटभर माती उचलली, हातात चोळली आणि ताट मुळासकट वर आलं.

मी उठूनच उभी राहिले. "रुपे! तो हात!"

तिनं वळून पाहिलं. माझ्याकडं, मग स्वतःच्या तळहाताकडं.

"व्हय आत्या," ती म्हणाली. "तेच झालं. माती घ्यायला गेला हात. आन् तिथं मातीच न्हवती."

हे समजायला आमच्या गावची तालीम माहीत हवी. गुंडाप्पा वस्तादांची तालीम म्हणजे त्यांच्या किराणा दुकानामागची लांबट पत्र्याची खोली. आमच्याकडं सगळी काळी माती. आखाड्याची तांबडी माती वस्ताद सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून ट्रॅक्टरनं आणवायचे. तीत हळद, ताक, लिंबू, गोडं तेल मिसळायचे. लहानपणी मी दुकानात साखर आणायला गेले की त्या मातीचा वास गुळाच्या आणि काडेपेटीच्या वासात मिसळून यायचा. मुलीनं त्या खोलीत पाय ठेवायचा नसे. रुपालीनं ठेवला. ती नऊ वर्षांची होती आणि वस्तादांची नात तालमीत जोडीला रुपालीच हवी म्हणून रडत होती, एवढंच कारण. नात चार दिवसांत कंटाळली. रुपाली अकरा वर्षं तिथंच राहिली.

वस्तादांचा पहिला धडा डावाचा नसे, मातीचा असे. घामानं पकड सुटते, म्हणून पकड सुटली की हात खाली, माती घ्यायची, समोरच्याच्या मनगटाला चोळायची आणि निसटायचं. विचार करायचा नाही. विचार करणाऱ्याची पाठ लागते, असं ते म्हणायचे. त्यांनी तिच्याकडून हे इतक्या वेळा करून घेतलं की तो हात तिचा राहिला नाही, आपोआप जायला लागला. पुढं ती शहरात गेली, गादीवर गेली, पिंजऱ्यात गेली. बाकी सगळं नव्यानं शिकली. तो हात मात्र जुन्याच सवयीचा राहिला. आठ वर्षं कधी गरजच पडली नव्हती, कारण तिच्या गळ्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

आता यावर काय म्हणायचं? ती हरली की नाही? नियमानं हरली. हात आपटला, आवाज झाला, पंचानं पाहिलं. पण हार मानणं ही आतली गोष्ट असते ना? ती आत घडलीच नसेल तर? मी बांधावर बसून ज्वारीचे दाणे चावत हाच विचार करत होते आणि मला, खरं सांगते, मजा वाटत होती. घरातल्यांना तशी वाटत नव्हती.

कारण वेळ थोडा होता. तिच्या संघटनेनं कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत लेखी सांगा, तुम्हाला लगेच फेरलढत का द्यावी. दोन वर्षं पट्टा राखलेली मुलगी म्हणून विचार करू. नाही दिली, तर रांग होती. रांगेत हरियाणाची एक मुलगी पुढं होती, ओळीनं जिंकत आलेली. तिची लढत, मग जिंकणारीची विश्रांती, मग रुपालीची पाळी. वर्ष सहज जाणार. अठ्ठाविसाव्या वर्षी या खेळातलं एक वर्ष किती मोठं असतं हे रुपालीनं मला सांगितलं नाही. ती फक्त रोज पहाटे उठून नदीपर्यंत पळत जायची आणि परत आली की मोबाइलमध्ये तारीख बघायची. पट्टा परत मिळवायचा तर आत्ताच, असं तिनं मनात घट्ट धरलं होतं.

गावात ज्याचं त्याचं मत होतं. दादाचं मत असं की पोरीनं जरा दम घ्यावा. "दुबार पेरणी कोन हौसंनं करतंय?" तो म्हणाला. "बी वाया गेलं तर करावीच लागती. पर वाफसा आल्याबिगर न्हाय. चिखलात पेरून काय उगवायचं?" दादा वर्षातून पाच वाक्यं बोलतो, त्यातली चार त्यानं त्या दिवशी संपवली.

मला माझी शाळा आठवत होती. एखाद्या मुलाला सातचा पाढा विचारला आणि तो सात नव्वे त्रेसष्टला अडखळला, तर मी काय करते? लगेच पुन्हा विचारते. तो घाईनं म्हणतो, बरोबर म्हणतो, खाली बसतो. पण आला का त्याला? की नुसता माझा ओरडा चुकवला त्यानं? आणि ज्या मुली शांतपणे हात वर करून बसलेल्या असतात, ज्यांना अजून एकदाही विचारलेलं नसतं, त्यांचं काय? तीस वर्षं शिकवून हे मला कळलेलं नाही. फेरपरीक्षा तर त्याहून कठीण. पेपर तपासणाऱ्याची चूक असेल तर आपण म्हणतो, पुन्हा तपासा. पण मुलानं उत्तर बरोबर येत असून सवयीनं चुकीचं लिहिलं असेल तर? तेव्हा चूक कुणाची?

वस्तादांकडं मी मुद्दाम गेले. ते आता सत्तरीच्या पुढं गेलेत, कपाळावर विभूती, दुकानातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले. मला आठवत होतं की जत्रेच्या मैदानात तेच जोड लावायचे. हलगी कडाडायची, पैलवान एक हात वर करून मैदानाला फेरी मारायचे. त्याचा अर्थ मला कुणी जोड द्या. वस्ताद एकेकाच्या दंडाला हात लावून बघायचे आणि दोघांचे हात एकमेकांत द्यायचे. त्यांचा एक नियम होता. पडलेल्यानं त्या दिवशी पुन्हा हात वर करायचा नाही. मोठमोठे पैलवान चिडून, पाया पडून मागायचे, "वस्ताद, एकडाव अजून." वस्ताद मान हलवायचे. चिडलेला माणूस हातपाय मोडतो, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे, आणि मागं फेरी मारणारी पोरं ताटकळत असतात. एका जत्रेत तर त्यांनी स्वतःच्या पुतण्याला असं बसवलं होतं.

"मग वस्ताद," मी विचारलं, "आपल्या रुपीनं थांबायचं?"

त्यांनी बराच वेळ तराजूच्या पारड्यातली तूरडाळ बोटानं पसरवली. "न्हाय बाई," ते म्हणाले. "तिला लगीच द्याया पायजे."

"अहो, पण तुमचाच नियम."

"नियम म्याच केला, आन् तो हातबी म्याच शिकवला." त्यांचा आवाज चिरकला. "माजी चूक तिच्या गळ्यात आली, बाई. म्या कागदावर अंगठा द्यायला तयार हाय. सही येती मला, पर अंगठा देतो. सांगा त्येंला, वस्तादाची चूक."

मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. माझा प्रश्न मला जरा हलकाच वाटायला लागला. पण दुसऱ्याच क्षणी ते सावरले आणि म्हणाले, "तिला बोलवा. म्या डोळ्यानं बघतो कसं झालं ते."

दुपारची वेळ. तालमीतली सगळी मंडळी सुगीमुळं रानात. रुपाली आली, पण तिचा गळा धरणार कोण? वस्ताद वयात आलेल्या मुलीच्या गळ्याला हात लावणार नाहीत, ते त्यांच्या रीतीत बसत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रुपालीनं माझ्याकडं बघितलं. बावन्न वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू असलेली, सुती साडीतली शिक्षिका मी, पदर खोचून आखाड्यात उतरले.

"मागून ये आत्या. उजवा हात माज्या गळ्याखालून. आता तुजाच डावा दंड धर. आन् आवळ."

"लागेल गं."

"लागू दे. आवळ."

मी आवळला. पोरीचा गळा असा माझ्या कोपरात होता, तिची नस माझ्या हाताला लागत होती. लहानपणी हिला मी तापात मांडीवर घेऊन बसले होते. घाबरून मी आणखीच घट्ट धरलं. घाबरलेलं माणूस असंच करतं. आणि तिचा हात खाली गेला, माती घेतली, माझ्या मनगटाला खसकन लागली. मला काही कळायच्या आत ती माझ्या हातातून मासोळीगत निसटून समोर उभी होती.

"आयतु!" वस्ताद ओरडले. आनंद झाला की ते कानडीत जातात. "आयतु बगा! झालं! मातीच! सरळ मातीच!"

मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या परीनं मी कोर्टात साक्ष दिली होती. पण रुपाली हसत नव्हती. तिनं कोपऱ्यातली जाड सतरंजी ओढून आणली आणि आखाड्यात पसरली.

"आता यावर," ती म्हणाली. "आन् आत्या, तू सोडायचं न्हाय. काय बी झालं तरी सोडायचं न्हाय. मला निसटायचंय."

पुन्हा गळा, पुन्हा कोपर. ती जोर लावत होती, मी मन घट्ट करून धरलं होतं. तिचा हात खाली गेला. थप्.

मी सोडलं.

मला माहीत होतं ती मातीसाठी हात मारते आहे. तिनं सोडू नकोस म्हणून बजावलं होतं. सगळं माहीत असून तो आवाज आला आणि माझे हात आपोआप सुटले. मग त्या बिचाऱ्या पंचाला मी कोणत्या तोंडानं दोष देणार होते? ज्याला आमचं गाव माहीत नाही, ती पत्र्याची खोली माहीत नाही, त्यानं दुसरं काय करायचं होतं? वस्ताद वाकून सतरंजी बघायला लागले. सतरंजीवर हाताचा ठसासुद्धा उमटला नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट मला कळली, ती वस्तादांना दिसण्यासारखी नव्हती. मी सोडलं तेव्हा रुपालीचं अंग माझ्या छातीशी टेकलेलं होतं. ते एकदम सैल पडलं. एक लांब श्वास बाहेर आला, आपण पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरवल्यावर येतो तसा.

घरी परतताना वाटेत मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण मला ते जमत नाही. "रुपे, मी सोडलं तेव्हा तुला कसं वाटलं?"

ती चालत राहिली. दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. दूर कुठंतरी मळणीयंत्र घरघरत होतं, भुसा हवेत तरंगत होता आणि तिच्या केसांवर बसत होता.

"तुला कळलं व्हय," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"हात मातीसाठीच गेला होता आत्या. आईशप्पथ. पर पंच मध्ये पडला, तिनं सोडलं, आन् मला..." ती थांबली. "मला बरं वाटलं. पट्टा गेला आन् मला बरं वाटलं गं. एकच घडी. मग म्या उठून भांडले. पर ते आधी आलं होतं."

ती रडली नाही. मलाच गलबलून आलं. इतके दिवस आम्ही सगळे तिच्या हाताची चर्चा करत होतो. तिला रोज पहाटे उठवत होतं ते हेच. दोन वर्षं राखलेली गोष्ट गेली तेव्हा आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं, याची तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

पत्र लिहायला आम्ही ओसरीवर बसलो. माझं इंग्रजी घरात सगळ्यांत बरं म्हणून ते काम माझ्याकडं. ती मराठीत सांगायची, मी लिहायचे. मातीचं सगळं आलं. तालीम आली, अकरा वर्षं आली, वस्तादांचं नाव आलं. त्यांचा अंगठा मी मोठ्या मिनतवारीनं टाळला. मग ती म्हणाली, "आता हे लिही. लढत थांबली तवा मला बरं वाटलं."

"वेडी आहेस का?" मी पेन खाली ठेवलं. "कोण विचारतंय तुला हे? स्वतःच्याच पायावर धोंडा?"

"लिही आत्या."

मी लिहिलं. म्हणजे, मी लिहिलं की ती अत्यंत दमलेली होती. तिनं कागद ओढून घेतला, वाचला, आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी कॉपी करणाऱ्या मुलाकडं बघते. "हे न्हाय म्हणाले म्या."

"अगं, हे वाचल्यावर ते तुला लगेच कशाला लढत देतील?"

"म्हणून तर लगीच पायजे," ती म्हणाली. "मला अन्याय झालाय म्हणून नगं. पंच बरोबरच होता. पर ते बरं वाटलेलं माज्यात मुरायच्या आत मला परत आत जायचंय. वर्षानं गेले तर कळायचंबी न्हाय मला, की माजा हात कशासाठी खाली गेला."

मला या प्रश्नाचं असं उत्तर सुचलं नव्हतं. मी सगळा वेळ हक्काचा विचार करत होते. कुणाला काय मिळायला हवं, कुणावर काय अन्याय झाला, रांगेत कोण पुढं. ती मात्र औषध मागावं तशी लढत मागत होती, वेळेवर घेतलं तर लागू पडणारं. मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. माझं इंग्रजी त्या वाक्याला पुरलं, कारण ते वाक्य फार सोपं होतं.

उत्तर आठवड्यानं आलं. चार ओळी. आपल्या परिस्थितीबद्दल सहानुभूती आहे, तथापि पुढील लढतीचा मान हरियाणाच्या खेळाडूला आहे, त्यानंतर आपला विचार होईल. तिच्या त्या वाक्याबद्दल एक अक्षर नव्हतं. वस्तादांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी हात जोडले, कुणाला कोण जाणे, आणि म्हणाले, "त्या पोरीबी हात वर करून फिरायल्याच की. बरोबर हाय." पण त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

रुपाली सुगी संपेपर्यंत राहिली. कडब्याची गंजी लावायला दादाच्या बरोबरीनं उभी राहिली. मग चैत्रात शहरात परतली. वर्षभर ती फोनवर वजन, सराव, पावसानं चिखल झालेलं मैदान असलं काहीबाही बोलायची. त्या बरं वाटण्याबद्दल मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "म्हाईत न्हाय आत्या. आत गेल्यावरच कळंल." मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की चुकलं तर घाबरू नका, पुन्हा करा. पुन्हा करायला कुणी बोलावलंच नाही तर मधल्या काळात काय करायचं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला माहीतच नाही.

मधे हरियाणाची मुलगी लढली आणि हरली. पट्टा मणिपुरातच राहिला. आणि परवा रविवारी, पुन्हा सुगीतच, रुपालीची पाळी आली.

एवढी चौकस मी, पण ती लढत मी पाहिली नाही. मोबाइल पालथा घालून पिठाच्या डब्यावर ठेवला आणि संध्याकाळभर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. वहिनींनाही फोन केला नाही. सोमवारी सकाळी शाळेला निघाले तेव्हाही मला काही माहीत नव्हतं. जीपमध्ये नेहमीसारखी चेंगराचेंगरी, मागच्या बाकावर आम्ही पाचजणी, पायात कुणाची तरी खुरप्यांची पिशवी. गाडी फाट्यावर वळली आणि फोन वाजला.

"हरले आत्या," रुपाली म्हणाली.

मी फोन कानाशी दाबला. "कशी गं? गळा?"

"न्हाय. पाची फेऱ्या झाल्या. गुणांवर हरले. एकडाव धरला होता गळा, तसाच, मागून. सुटले म्या. हात खाली गेलाच न्हाय." तिचा आवाज बसलेला होता, नाक चोंदलेलं. "तिचा हात वर केला ना पंचानं, आत्या, तवा मला लई वाईट वाटलं. लई म्हणजे लई. काल सांजंपासून रडायलेय. जेवण जाईना. आता बी रडायलेय बग."

आणि मग हुंदक्यातून, जसं पोर बक्षीस मिळाल्याचं सांगतं तसं, तिनं सांगितलं, "जरासुदीक बरं वाटलं न्हाय गं!"

"रड," मी ओरडले. जीपच्या आवाजात ओरडावंच लागतं, पण मी त्याहून मोठ्यानं ओरडले. "रड बाई, पोटभर रड!"

फोन ठेवला तेव्हा सगळी जीप माझ्याकडं बघत होती. शेजारच्या मावशींनी मांडीवरची भाजीची पाटी सावरत विचारलं, "कोन हो बाई? काय झालं?"

"भाची माझी. कुस्ती हरली."

"आगं बया! लई मनाला लावून घेतलं व्हय लेकरानं?"

"लई," मी म्हणाले. मला हसू आवरेना आणि डोळ्यातलं पाणीही थांबेना. मावशी पाटी घेऊन जरा सरकून बसल्या.